प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या सरावासाठी कृत्रिम रक्त: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरी जिल्ह्यात एएनएम-जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या मुलींना शिकवते. रक्तस्रावाचा सराव ममानॅटलीवर घेतो. हे मॉडेल शिक्षिकेने पोटाला बांधायचं. तिला रक्त सोडता येतं, गर्भाशय सैल-घट्ट करता येतं. मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारं औषध) १० युनिट स्नायूत, मदतीला हाक, सगळं मुली नीट करतात. अडतं ते किती रक्त गेलं याच्या अंदाजावर. ५०० मिली ओलांडलं तरी "थोडंच गेलंय, मॅडम" म्हणतात. उद्या खाडीपलीकडच्या उपकेंद्रात त्या एकट्या असतील, म्हणून हे मला पक्कं करून घ्यायचंच आहे.

पाण्यात खायचा लाल रंग घालून पाहिला, फार पातळ होतो. कॉर्नफ्लोअर शिजवून घातलं तर दिसतं हुबेहूब, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत लगेच आंबतं, नळीही तुंबते. जिलेटिनच्या गुठळ्या उकाड्यात विरघळतात. साखरेचा पाक आणि ग्लिसरीन जड पडतात. आम्ही पॅड वजन करून १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली धरायला शिकवतो, तो हिशेबच चुकतो. (शिवाय मुंग्या!)

फ्रिज फक्त औषधांचा आहे, त्यात हे ठेवणार नाही. तयार कृत्रिम रक्त मागवायला पैसे नाहीत. रक्त गोळा करून मोजायच्या, मोजपट्टीच्या प्लास्टिक पिशव्या सुचवू नका, उपकेंद्रात त्या मिळतीलच असं नाही. पॅड आणि चादर बघूनच अंदाज यायला हवा.

तर फ्रिजशिवाय निदान आठवडाभर टिकणारं, नळीतून वाहणारं, वजनाला पाण्याच्या जवळपास आणि चादरीवरून धुतलं जाणारं मिश्रण कुणी वापरलंय का? प्रमाण काय घेता, आणि गुठळ्या कशाच्या करता?