स्टीव्हन्स आणि १८२१चा खटला

एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन राजकारणी थॅडियस स्टीव्हन्स पहिल्यापासून गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. १८२१मध्ये, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्गला वकिली करत असताना, ते चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या खटल्यात तिच्या मालकाच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेल्या गुलामाला सहा महिन्यांपेक्षा जास्त राज्यात ठेवलं, की तो मुक्त होई. चॅरिटीचा मुक्काम तुकड्यातुकड्यांनी झाला होता. ही मुदत सलगच हवी, फेऱ्यांची बेरीज चालणार नाही, असा निकाल लागला, आणि ती व तिच्या मुली गुलामगिरीतच राहिल्या.

पुढचे स्टीव्हन्स मात्र खरोखर वेगळे. १८६८मध्ये त्यांचं दफनसुद्धा त्यांच्याच इच्छेने, वर्णभेद न पाळणाऱ्या लँकेस्टरच्या छोट्या दफनभूमीत झालं.