मदत हवी आहे: ५.८ साखळीचे मीटर किती? आजच उत्तर हवंय

कळवा_पूर्व
फक्त हिशोब तपासून हवाय. जमिनीच्या जुन्या कागदावर आमची एक बाजू ५.८ साखळी, म्हणजे माझ्या हिशोबाने ५८.३४ मीटर. जागेवर टेप लावला तर ५५ मीटर आणि वर २० सेंटिमीटर भरतात. तीन मीटर गेले कुठे? शेजाऱ्यांनी खांबांचे खड्डे खणून ठेवलेत, उद्या तारा ओढणार. भाऊ तक्रारीचा अर्ज लिहायला बसलाय. आकडा बरोबर की चूक एवढंच सांगा, कोर्टकचेरीचे सल्ले नकोत.

ऐरोली_सेक्टर_१९
कुठली साखळी? गुंटरची ६६ फुटी, म्हणजे २०.११६८ मीटर. त्याने ११६.६८ मीटर होतात. इंजिनीअरची १०० फुटी असते, ३०.४८ मीटर. मीटरमधल्या साखळ्या २० आणि ३० च्या. तुमचे ५८ कशातच बसत नाहीत.

कळवा_पूर्व
३३ फुटांची. चुलतभावाने सांगितलं. ५.८ गुणिले ३३ म्हणजे १९१.४ फूट, त्याला ०.३०४८ ने गुणलं. हे सगळ्यांना ठाऊक असेल म्हणून लिहिलं नाही.

ऐरोली_सेक्टर_१९
३३ फुटी साखळी मी सिव्हिलच्या चार वर्षांत पाहिली नाही. ६६ च धरा. शेजाऱ्याने निम्मी जमीन घेतली असं निघेल, तर तेही तपासा.

घोडबंदर_रोड
ताई, एवढी आकडेमोड कशाला? फोनवर जमीन मोजायचं अ‍ॅप मिळतं. चारही कोपऱ्यांवरून चालत फिरा, लांबी-रुंदी, क्षेत्रफळ सगळं मीटरमध्ये येतं. मी गावच्या आंबराईचं तसंच केलं, दहा मिनिटांत झालं.

वरकस
अ‍ॅपने हद्द ठरवू नका. उघड्यावरसुद्धा फोन दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि इथे भांडण तीन मीटरचंच आहे.

३३ फुटी साखळी पुस्तकात नसेल, पण मुंबई इलाख्यातली जुनी मोजणी तिच्यानेच झाली. गुंठा १०८९ चौरस फुटांचा का? ३३ गुणिले ३३. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा.

पण ताई, मूळ कागद कुठला? गाव कुठलं? सातबाऱ्यावर क्षेत्र किती? आणि कागदावर खरंच ५.८ आहे का, मधे टिंब आहे का, ते डोळ्यांनी बघून सांगा. टाइप करताना आपण काहीही करतो.

कळवा_पूर्व
शहापूर तालुका. कागद म्हणजे टिपणाची, जुन्या मोजणीच्या नोंदीची, नक्कल, बाबांनी काढून ठेवलेली. झेरॉक्सवर घडीची काळी रेघ आलीय. आता भिंग लावून पाहिलं. ५, मग बारीक आडवी रेघ, मग ८. टिंब नाही. दुसऱ्या बाजूला ४-०. सातबाऱ्यावर ०.२२.३० (हेक्टर-आर-चौरस मीटर). काय फरक पडतो?

नौपाडा_जुना
या निमित्ताने आठवलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ते अंतर २१ मैल. मैलाला १.६०९ ने गुणा, ३४ किलोमीटर येतात. १९५६ च्या कायद्याने मीटर-किलो आले, १९५७ ला नवे पैसे. आमचे वडील तरी शेवटपर्यंत मैलातच बोलायचे.

वाशी_प्लाझा
मीटर आले कुठे? आजही ब्रोकर चौरस फुटांतच भाव सांगतो आणि करारात कार्पेट चौरस मीटरमध्ये येतं. १०.७६४ ने गुणत बसा.

वरकस
फ्लॅटचं नंतर बोला, ताईंना उद्या सकाळी निघायचंय.

ताई, फरक सगळा त्या रेघेचाच आहे. ५-८ म्हणजे ५ साखळ्या ८ आणे. साखळीचे १६ आणे. ८ आणे म्हणजे अर्धी साखळी, दशांश आठ नव्हे. साडेपाच गुणिले ३३ म्हणजे १८१.५ फूट, म्हणजे ५५.३२ मीटर. तुमच्या टेपवर ५५.२० आलं. बारा सेंटिमीटरचा फरक. अहो, एक आणाच मुळी पावणेतीन वीत असतो, ६३ सेंटिमीटर, आणि टिपणात त्याहून बारीक मोजलेलं सहसा नसतं.

क्षेत्राने ताळा करा. साडेपाच गुणिले चार म्हणजे २२ गुंठे. गुंठ्याचे १०१.१७ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे २२.२६ आर. सातबाऱ्यावर २२.३०. जुळलं. तुमच्या ५.८ ने २३ गुंठ्यांच्या वर जातं. ६६ फुटी साखळी धरली तर ८८ गुंठे, चौपट.

ऐरोली_सेक्टर_१९
क्षेत्राचा ताळा मला मान्य. ६६ चं विधान मागे घेतो. पण टिपणावर साखळी-आणे असं कुठेच लिहिलेलं नाही, मग माणसाला कळणार कसं?

वरकस
वडील सांगायचे तेव्हा कळायचं. माझे आजोबा मोजणीच्या वेळी साखळीचं टोक धरून चिखलात उभे राहिलेले होते, म्हणून आमच्या घरात हे सगळे बोलतात. तुमच्या पिढीला कोणी सांगितलं नाही, त्यात तुमचा दोष नाही.

कळवा_पूर्व
मला थोडा वेळ लागला वाचायला. दोनदा गुणाकार केला, ५५.३२ च येतंय. भावाला फोन केला, अर्ज बाजूला ठेवलाय. शेजारच्या काकूंशी मी परवा फार वाईट बोलले. बाबा गेले तेव्हा तेरा दिवस त्यांच्याच घरून डबा येत होता.

आता दुसरं. ४-० चे ४०.२३ मीटर व्हायला हवेत ना? तिथे टेपवर ४०.९० भरलं. म्हणजे आमचाच बांध त्यांच्यात सरकलाय का?

घोडबंदर_रोड
म्हणूनच अ‍ॅप म्हणत होतो.

वरकस
ती बाजू उताराची आहे का? आणि टेप जमिनीवर टाकलात का?

कळवा_पूर्व
हो, वरून ओढ्याकडे उतरते. टेप गवतावर टाकूनच मोजला. माझ्या हातात शून्याचं टोक, पुतण्या खाली.

वरकस
मग ४०.९० ला घाबरू नका. नकाशातलं अंतर आडवं असतं, उताराचं नाही. दहा अंश उतार असला तरी चाळीस मीटरला साठ-पासष्ट सेंटिमीटर जादा भरतात. पाच-पाच मीटरचे टप्पे करा. टेप पाणसळीत आडवा ताणा, खालच्या टोकाकडून ओळंबा सोडा, जिथे टेकेल तिथे खुंटी, पुढचा टप्पा त्या खुंटीपासून. तरीही फरक उरला तर दोन्ही घरांनी मिळून भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, एकट्याने नको.

कळवा_पूर्व
पहाटे ठाण्याहून आसनगाव लोकल पकडतेय. काकूंना रात्रीच फोन करते, मोजताना त्या असाव्यात. ओळंबा एवढ्या पहाटे कुठे मिळेल?

वरकस
दुकान शोधू नका. घरातला जड नट सुतळीला बांधा, तेवढ्याने भागेल. वारा नसताना मोजा, नऊच्या आत.