खेळाडू समलैंगिक असल्याची एवढी मोठी बातमी व्हावी का?

गोदाकाठ
नाशिकमध्ये फुटबॉल बघणारे मोजकेच, पण जे आहोत ते मध्यरात्रीपर्यंत जागून प्रीमियर लीग बघणारे. म्हणून हा विषय इथे मांडतो. एखाद्या व्यावसायिक फुटबॉलपटूने आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं की त्याची जगभर पहिल्या पानाची बातमी होते. माझ्या मते त्यातून त्या खेळाडूचं नुकसानच होतं.

जेक डॅनियल्स घ्या. मे २०२२, वय १७, इंग्लंडच्या ब्लॅकपूल क्लबच्या मुख्य संघातून नुकतंच पदार्पण झालेलं. आपण समलैंगिक असल्याचं त्याने मुलाखतीत सांगितल्यावर त्याचं नाव सगळ्यांना कळलं, पण तो डावीकडून धाव घेतो की उजवीकडून हे कुणी विचारलं? जस्टिन फॅशनूचं तर त्याहून वाईट झालं. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. ब्रिटनमध्ये एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९९० मध्ये 'द सन' या टॅब्लॉइड वृत्तपत्राने त्याची समलैंगिक असल्याची कबुली मोठ्या मथळ्यात छापली, टॅब्लॉइडांनी त्याच्या आयुष्याचा बाजार मांडला आणि १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. अशा खेळाडूला सहकारी पास देतात का, ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याशी बोलतात का, हे बघा. कॅमेरे हवेत कशाला?

सातपूरकर
मी पूर्ण विरोधात आहे. डॅनियल्सने तेव्हा कुणाकुणाची नावं घेतली ते आठवा. त्यात ऑस्ट्रेलियाचा फुटबॉलपटू जोश कवालो होता. ॲडलेड युनायटेडच्या कवालोने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं आणि सात महिन्यांत दुसऱ्या टोकाच्या इंग्लंडमधला एक पोरगा बोलायला तयार झाला. कवालोची बातमी ॲडलेडच्या आतल्या पानावर संपली असती तर त्याच्यापर्यंत पोचली कशी असती?

फॅशनूनंतर डॅनियल्सपर्यंत ३२ वर्षं गेली. तेवढ्या काळात इंग्लंडच्या पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना एकानेही उघडपणे सांगितलं नाही. तुम्हाला हवी ती शांतता तेव्हा भरपूर होती. तिने कुणाचं भलं झालं?

जुना_प्रेक्षक
फॅशनूबद्दल थोडं. सगळा दोष वृत्तपत्रांवर टाकता येत नाही. फॉरेस्टचे व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याला संघाच्या सरावापासून दूर ठेवलं, आणि ते त्या मथळ्याच्या कितीतरी आधी. सख्ख्या भावाने, जॉनने, जाहीरपणे त्याच्याशी नातं तोडलं. शेवटच्या दिवसांत अमेरिकेत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोपही झाला होता. एवढं सगळं 'माध्यमांनी मारलं' या एका वाक्यात बसवणं त्या माणसावर अन्याय आहे.

सिडकोचा_स्ट्रायकर
मला दोन्ही बाजू दमवतात. प्रत्येकाची खाजगी बाब आहे, राहू द्या ना खाजगी. कतारच्या विश्वचषकात सात युरोपीय संघांच्या कर्णधारांना समलैंगिकांना पाठिंबा म्हणून 'वन लव्ह'चा पट्टा दंडावर बांधायचा होता. फिफाने पिवळ्या कार्डाची धमकी दिली आणि सगळ्यांनी माघार घेतली. जर्मनीच्या खेळाडूंनी जपानविरुद्धच्या सामन्याआधी तोंडावर हात ठेवून फोटो काढला. चर्चा पट्ट्याची झाली. ज्यांच्यासाठी पट्टा होता त्यांची नाही. आणि कर्णधारावर पट्टा लादायचा का, हाही प्रश्न आहेच. २०२४ मध्ये इंग्लंडच्या इप्सविच क्लबचा कर्णधार सॅम मोर्सीने श्रद्धेच्या कारणावरून इंद्रधनुषी पट्टा बांधला नाही. त्यालाही मन आहे.

सातपूरकर
मोर्सीने बांधू नये, चालेल. पण खाजगी म्हणता तर खेळाडूंच्या बायका स्टँडमध्ये बसतात, मुलांना कडेवर घेऊन चषकाचे फोटो निघतात, ते कुणाला खटकत नाही. दुसऱ्याने जोडीदाराचं नाव घेतलं की लगेच खाजगी बाब आठवते. हे मला सहन होत नाही, स्पष्टच सांगतो.

कॉलेजरोडवाली
महिलांच्या फुटबॉलचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते. अमेरिकेच्या मेगन रॅपिनोने २०१२ मध्येच सांगितलं होतं. २०१९ च्या विश्वचषकात गोल्डन बॉल (सर्वोत्तम खेळाडू) आणि गोल्डन बूट (सर्वाधिक गोल) दोन्ही तिला मिळाले, आणि जग तिच्या गोलांवर बोलत होतं. तिथे कितीतरी खेळाडू उघडपणे जगतात, त्यामुळे एकटीवर सगळा प्रकाश पडत नाही. पुरुषांमध्ये गाजावाजा होतो तो संख्या कमी म्हणून. लपून राहिल्याने ती वाढणार नाही.

आपल्याकडे तर अजून पहिलीच पायरी आहे. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत हा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. द्युती चंदने मे २०१९ मध्ये सांगितलं, तेव्हा ती शंभर मीटरची राष्ट्रीय विक्रमवीर होती, तरी घरातूनच उघड विरोध झाला. ती धावपटू, एकटीच्या जोरावर पदकं आणणारी. फुटबॉलमध्ये अकरांत जागा प्रशिक्षक देतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाने ती जागा पणाला कशी लावावी?

गोदाकाठ
ताई, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. त्याने पणाला लावावी असं मी म्हणतच नाही. अमेरिकेच्या रॉबी रॉजर्सने २०१३ मध्ये पंचविसाव्या वर्षी सांगितलं, ते खेळ सोडता सोडता. जर्मनीकडून ५२ सामने खेळलेला हिट्झल्स्पर्गर निवृत्तीनंतर बोलला. दोघांनाही मैदानात असताना तो झोत नको होता.

कॉलेजरोडवाली
दादा, रॉजर्स त्याच वर्षी मे महिन्यात परतला. लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडून खेळला आणि २०१४ मध्ये लीगचा चषकही जिंकला. झोत तर तेव्हाही होता. संघाने त्याला जर्सी दिली, हा फरक पडला.

गोदाकाठ
मग मैदानातलंच बोलू. मी रविवारी मुलांना शिकवतो. पास चुकला की पोरं एकमेकांना ज्या शिव्या घालतात त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या मी थांबवतो, तिथे तडजोड नाही. पण चौदा वर्षांच्या मुलांना डॅनियल्सची बातमी वाचून दाखवायची? पालक काय म्हणतील?

सातपूरकर
दाखवा. कवालोचीही दाखवा. जानेवारी २०२२ मध्ये मेलबर्नच्या सामन्यात स्टँडमधून त्याला शिवीगाळ झाली, त्याने ते जाहीरपणे सांगितलं आणि पुढेही ॲडलेडकडूनच खेळत राहिला. पालकांनी विचारलं तर शिव्या का थांबवता, तिथून सुरुवात करा. एकटं बोलायचं नसेल तर येत्या रविवारी मी येतो.

गोदाकाठ
या. पालकांशी आधी मी बोलतो. बातमीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.