ओंटारियोची सरकारी आरोग्यसेवा: वाचवायची की बदलायची?

ब्रॅम्प्टनकर

मंडळी, निमित्त सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं. सासरे पीआर (कायम रहिवासी) आहेत, ओहिपचं म्हणजे ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड खिशात. डॉक्टरांनी एका खाजगी क्लिनिककडे पाठवलं (नाव लिहीत नाही). तिथे काउंटरवरच्या बाईंनी भिंगांचं दरपत्रक पुढे केलं. साधं भिंग ओहिपमध्ये बसतं, त्याला एक डॉलर लागत नाही, हे त्या पत्रकात शेवटी बारीक अक्षरात होतं. वर तोंडी सांगितलं, महागडं भिंग घेतलंत तर पुढच्या महिन्यात, साधं हवं असेल तर थांबावं लागेल. सासरे घाबरले. "डोळ्याचं काम आहे, कंजूषी नको," म्हणाले आणि आम्ही पैसे भरले.

२०२३ साली बिल ६० हे विधेयक आलं तेव्हा प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डग फोर्ड सांगत होते की क्रेडिट कार्ड लागणार नाही, ओहिप कार्ड पुरे. त्या कायद्याने मोतीबिंदू, गुडघे, खुबे नफ्यावर चालणाऱ्या क्लिनिकांकडे नेण्याची वाट रुंद केली. आमच्या घरी तरी क्रेडिट कार्डच लागलं.

आपल्या लोकांचा एक घोळ असतो. इमर्जन्सीत आठ तास बसावं लागलं की आपण ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, शिव्या घालतो. ओटावा पैसे देतं, १९८४च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टचं पालन झालं नाही तर पैसे कापू शकतं, पण हॉस्पिटलं चालवतो तो प्रांत. म्हणजे जाब विचारायचा तो आपल्या एमपीपीला (प्रांताच्या आमदाराला), क्वीन्स पार्कला (प्रांताच्या विधानसभेला). गणपतीला हॉल भरतो आपण. त्यातल्या पन्नास जणांनी पत्र लिहिलं तरी एमपीपीच्या ऑफिसला दखल घ्यावी लागेल. मी मसुदा तयार केलाय: नफ्यावर चालणाऱ्या क्लिनिकांना नवी कंत्राटं नकोत, तो पैसा सरकारी हॉस्पिटलांच्या ऑपरेशन थिएटरांना द्या. कोण कोण सही करणार?

रोखठोक मिसिसागा

मी नाही करणार. कारण सांगतो.

माझा गुडघा. एमआरआयसाठी थांबलो, मग सर्जनसाठी थांबलो, मग तारखेसाठी थांबलो. शेवटी सुट्टी टाकून सांगलीला गेलो, तिथे ऑपरेशन करून आलो. पैसे गेले, पण चालायला लागलो. ज्याला विमानाचं तिकीट परवडतं त्याला खाजगी सेवा मिळतेच आहे, फक्त ती सांगलीत मिळते. इथे कुणी क्लिनिक काढलं की मात्र तुमच्या पोटात दुखतं.

आणि "खाजगी" म्हटल्यावर एवढं दचकू नका. तुमचा फॅमिली डॉक्टर काय सरकारी नोकर आहे? त्याचाही धंदाच आहे, तो ओहिपला बिल लावतो. थॉर्नहिलचं शोल्डाइस हॉस्पिटल १९४५पासून हर्नियाची ऑपरेशनं करतंय, खाजगी मालकीचं आहे, पैसे ओहिप देतं. जगभरातून डॉक्टर बघायला येतात. त्याने कुठे आरोग्यसेवा बुडाली?

ब्रॅम्प्टनकर

शोल्डाइसचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. ते जुनं म्हणून टिकलं. १९७०च्या दशकात प्रांताने नव्या खाजगी हॉस्पिटलांचं दार बंद केलं ते उगीच नाही.

फॅमिली डॉक्टरांचं म्हणाल तर ती १९६२ची तडजोड आहे. १ जुलैला सॅस्कॅचवानने सगळ्यांसाठी सरकारी वैद्यकीय विमा सुरू केला आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस. शेवटी ठरलं की डॉक्टर स्वतंत्र राहतील, बिल सरकार भरेल. म्हणजे एका प्रांताने हट्ट धरला म्हणून बाकी देशाला मिळालं. एकटा डॉक्टर दवाखाना चालवतो आणि गुंतवणूकदारांची कंपनी दहा क्लिनिकं चालवते, यात फरक आहे की नाही?

आणि ब्रॅम्प्टनला तरी खाजगी भागीदारीचे गुण गाऊ नका. आमचं ब्रॅम्प्टन सिव्हिक हॉस्पिटल २००७ साली त्याच पद्धतीने उभं राहिलं. पुढच्याच वर्षी प्रांताच्या ऑडिटर जनरलने लिहिलं की नेहमीच्या पद्धतीने बांधलं असतं तर स्वस्त पडलं असतं. आणि २०२०च्या जानेवारीत हॉस्पिटलात गर्दी मावेना म्हणून नगर परिषदेला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

रात्रपाळी

मी नर्स आहे, जीटीएतल्या (टोरांटो परिसरातल्या) एका हॉस्पिटलात. कुठल्या ते विचारू नका.

आमच्याकडे थिएटरं आहेत. चारनंतर त्यातली बरीच अंधारात असतात. मशीन आहे, टेबल आहे, माणसं नाहीत. माणसं का नाहीत? २०१९मध्ये बिल १२४ने आमची पगारवाढ वर्षाला एक टक्क्यावर बांधली. मग कोविड. लोक बाल्कनीत उभं राहून आमच्यासाठी थाळ्या वाजवत होते आणि आम्ही महागाईत एक टक्का मोजत होतो. २०२२च्या नोव्हेंबरात कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, २०२४मध्ये अपिलातही सरकार हरलं. तोवर माझ्या वॉर्डातल्या चांगल्या चांगल्या मुली नर्स पुरवणाऱ्या खाजगी एजन्सीत गेल्या. आता त्याच एजन्सीतून येतात, माझ्या शेजारी उभ्या राहून तेच काम करतात आणि हॉस्पिटलला कितीतरी महाग पडतात.

नवीन क्लिनिक उघडलं की नर्स आकाशातून पडत नाही. ती माझ्या वॉर्डातून जाते. तिथे रात्रपाळी नाही, शनिवार-रविवार सुट्टी, पेशंट सगळे धडधाकट. मलाही ऑफर आली होती. खरं सांगायचं तर दोन रात्री विचार केला.

सदाशिवपेठी

आम्ही इथे ससूनच्या रांगेत उभे राहून तुमची चर्चा वाचतोय. तुम्हाला रांग तरी फुकट आहे! चालू द्या.

रोखठोक मिसिसागा

@रात्रपाळी, ताई, तुमच्या पगाराबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. बिल १२४ मूर्खपणाच होता. पण तुमचं लिहिणं वाचून माझा मुद्दाच पक्का होतो. जे सरकार नर्सला नीट पगार देत नाही, त्याच्याच हातात सगळं ठेवा म्हणता? एकच मालक असला की तो असाच वागणार. दुसरा मालक आला तर तुम्हाला निवड आहे. तुम्हीच म्हणालात, ऑफर आली होती.

@ब्रॅम्प्टनकर, २०२३च्या मे महिन्यात ओंटारियो हेल्थ कोएलिशन या सरकारी आरोग्यसेवेसाठी लढणाऱ्या संघटनेने गावोगाव मतपेट्या ठेवल्या. जवळपास ४ लाख मतं, बहुतेक सगळी खाजगीकरणाच्या विरोधात. छान. पण त्या पेटीपर्यंत चालत कोण जातं? ज्याचं मत आधीच ठरलंय तो. खरी पेटी २०२५च्या फेब्रुवारीत होती आणि फोर्ड तिसऱ्यांदा बहुमताने आले. लोकांना रांग कमी हवी आहे, तत्त्वं नको आहेत.

कॅलगरीचा बंड्या

रोखठोक, "दुसरा मालक" आमच्याकडे येऊन गेला. २०२२च्या डिसेंबरात आल्बर्टाने हॉस्पिटलांबाहेरच्या रक्ततपासण्या डायनालाइफ या खाजगी कंपनीकडे दिल्या. कॅलगरीत साध्या सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या तपासणीसाठी) आठवडे थांबायची वेळ आली. माझ्या बायकोच्या गरोदरपणातल्या तपासण्या त्याच काळात. मी पहाटे उठून लॅबच्या साइटवर कुणी अपॉइंटमेंट रद्द केलीये का ते बघायचो. २०२३च्या ऑगस्टमध्ये सरकारने जाहीर केलं की सगळं परत सरकारी लॅबकडे घेतोय. आणि हे सरकार काही डावं नव्हे, उजव्या विचारांच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथचंच.

अडकलेला एमबीबीएस

दोन्ही बाजू वाचल्या. एक साधा प्रश्न. सरकारी म्हणा, खाजगी म्हणा, डॉक्टर कुठून आणणार? मी नागपूरचा एमबीबीएस, इथल्या परीक्षा पास. रेसिडेन्सीची (हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची) जागा मिळत नाही म्हणून वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. तुमच्या पत्रात माझ्यासाठी एक ओळ घाला, सही करतो. नाही तर राहू द्या.

ब्रॅम्प्टनकर

@अडकलेला, घालतो. खरं तर पहिल्याच मसुद्यात असायला हवी होती, माझ्या डोक्यात आली नाही. चूक.

@रोखठोक, निवडणुकीचं बरोबर आहे. पण "रांग कमी हवी, तत्त्वं नकोत" हे नाही पटलं. सासऱ्यांची रांग पैसे देऊन कमी झाली. म्हणजे साधं भिंग मागणारा कुणीतरी मागे ढकलला गेला. रांग तेवढीच राहिली.

रोखठोक मिसिसागा

पत्रावर सही अजूनही नाही. पण तुमचा किस्सा मी परत वाचला. भिंग विकणं कायदेशीर आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं. पैसे दिले तर लवकरची तारीख, हे कायदेशीर नाही. २००४चा ओंटारियोचा कायदा आहे, ओहिपच्या सेवेसाठी पैसे घेऊन रांगेत पुढे नेता येत नाही. आरोग्य मंत्रालयाकडे तक्रार करता येते, ते चौकशी करतात, नियमबाह्य घेतलेले पैसे परत द्यायला लावू शकतात. पावती ठेवलीये ना? तारखेबद्दल जे बोलणं झालं ते आज रात्रीच लिहून काढा, सासऱ्यांना शेजारी बसवून. कोण बोललं, कधी बोललं, शब्द काय होते. पत्र नंतर.

ब्रॅम्प्टनकर

पावती आहे. बाईंचं नाव सासऱ्यांना आठवतंय. त्यांना सगळ्यांची नावं आठवतात.