घरचा नॅस: तयार डबा घ्यावा की पडून असलेला डेस्कटॉप कामाला लावावा?

कुंभारगल्ली
फोटो-व्हिडिओ साडेतीन टीबी झालेत, तीन पोर्टेबल डिस्कवर विखुरलेले. सगळे एका जागी ठेवायला नॅस हवाय, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी. दोन डिस्क बसणारा तयार डबा घ्यावा, की पडून असलेला चौथ्या पिढीचा इंटेल आय-५ डेस्कटॉप (८ जीबी रॅम) वापरावा? लिनक्सची जुजबी ओळख आहे. घर कोल्हापुरात शाहूपुरीत, तळमजल्यावर.

तांबडापांढरा
डेस्कटॉप फुकटात पडतो असं वाटतं खरं. पण २४ तास चालणारा एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. जुना आय-५ दोन डिस्क घेऊन नुसता बसला तरी ४५ वॅटच्या आसपास, तयार डबा १५ ते २०. वर्षाला दोनशेच्या वर युनिटांचा फरक. तेवढ्यानं डब्याचे पैसे लगेच वसूल होत नाहीत, हेही खरं. खरा प्रश्न, बिघडल्यावर घरात बघणार कोण? तुमच्याशिवाय कुणी नसेल तर डबाच घ्या. डबा जळला की डेटा अडकला, असंही नाही. सायनॉलॉजी कंपनीच्या डब्यातल्या डिस्क उबुंटू लिनक्सच्या मशीनला जोडून एमडीएडीएम या प्रोग्रॅमनं वाचता येतात.

एसएमपीएस
भावा, जुजबी का असेना, लिनक्स येतंय की! ओपनमीडियाव्हॉल्टला (साध्या कॉम्प्युटरचा नॅस करणारी फुकट लिनक्स सिस्टिम) ८ जीबी रॅम भरपूर झाली. फक्त हे आधी करा: जुना एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा) बदला. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, एक जरी एरर आली तरी ती रॅम काढा. सिस्टिमसाठी छोटा एसएसडी वेगळा ठेवा. डिस्कला पॉवर एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा (डिस्क जोडायच्या) वायरीनंच द्या. मोलेक्स या जुन्या चार पिनी कनेक्टरवरून साटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त कनेक्टर आतून शॉर्ट होऊन जळतात. नवीन डिस्कवर डेटा टाकायच्या आधी smartctl -t long ही पूर्ण तपासणी चालवा. ८ टीबीला अर्धा दिवस तरी जातो, जाऊ दे.

पंचगंगा_पातळी
डबा की डेस्कटॉप यावर किती पण भांडा, डिस्क चुकली तर दोन्ही बाद. सीएमआरच घ्या (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी): वेस्टर्न डिजिटल रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ. साधी 'रेड' २ ते ६ टीबीत एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) निघते. एक डिस्क गेल्यावर दुसरीवरचा डेटा नवीवर भरताना एसएमआरला सलग लिहिणं झेपत नाही, काम दिवसेंदिवस रेंगाळतं. आणि नेमकी तेव्हा दुसरी गेली तर संपलंच. दोन ८ टीबी मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा) लावल्या की जागा ७.२७ टीबी दिसेल. डिस्क खराब नाही, मोजायची पद्धत वेगळी.

शाहूपुरी, तळमजला म्हटल्यावर २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. नॅस माळ्यावर ठेवा, पण हवा खेळती पाहिजे. यूपीएस यूएसबी पोर्टवालाच घ्या. ६०० व्हीएच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलना तो नसतो, मग लाईट गेल्याचं नॅसला कळणार कसं? बॅटरी संपली की थेट बंद.

कुंभारगल्ली
डबाच घेतो मग. जुन्या पोर्टेबल डिस्क फोडून त्यातच बसवल्या तर?

एसएमपीएस
नको. अडीच इंची बहुतेक एसएमआर, आणि काहींत यूएसबी सर्किटबोर्डावरच असतं, साटा मिळतच नाही. त्यांच्यावर बॅकअप घ्या. मिररमध्ये चुकून डिलीट केलेला फोटो दोन्हीकडून एकदमच जातो. महिन्यातून एकदा कॉपी मारायची आणि त्या डिस्क पाहुण्यांकडे वरच्या मजल्यावर, पुराच्या पट्ट्याबाहेर ठेवायच्या.