इलेक्ट्रॉन कूलिंगचं सिम्युलेशन: सूत्र पुरे, की प्रत्येक फेरी मोजायची?

सोलेनॉइड
सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलेना रिंगमध्ये अँटिप्रोटॉन (प्रोटॉनचे प्रतिकण) ५.३ एमईव्हीवरून १०० केईव्हीवर आणतात. वेग कमी करताना बीम फुगतो, म्हणून ६५० आणि १०० केईव्हीला थांबून इलेक्ट्रॉन कूलिंग करतात, म्हणजे त्याच वेगाच्या इलेक्ट्रॉन-बीममधून नेऊन कणांची अस्ताव्यस्त हालचाल कमी करतात. याच्या सिम्युलेशनला पारखोमचुकचं घर्षणसूत्र (इलेक्ट्रॉन कणांना किती ओढून धरतात ते) आणि बीटाकूल या प्रोग्रॅममधला आरएमएस हिशेब, म्हणजे अख्ख्या बीमचा सरासरी पसारा, पुरतो. एमिटन्स (बीमचा आडवा पसारा), संवेगाचा पसारा, इंट्राबीम स्कॅटरिंग (बीममधल्या कणांची आपसातली टक्कर), बस्स. लॅपटॉपवर लगेच उत्तर. कणाकणाचं ट्रॅकिंग ही निव्वळ हौस आहे.

फेरीमोज
आरएमएस हिशेब बीम गॉसियन (घंटेच्या आकाराचा) धरतो आणि कूलिंग नेमकं तेच मोडतं. कण आणि इलेक्ट्रॉन यांच्यातला सापेक्ष वेग लहान असताना बल त्याच्या प्रमाणात वाढतं, मोठा झाला की वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घसरतं. म्हणून गाभा झटकन थंड होतो, कडेचे कण रेंगाळतात. पसाऱ्याचा एकच आकडा (सिग्मा) घेतलात की दाट गाभ्यातलं स्कॅटरिंग कमी दिसतं.

शिवाय स्पेस चार्ज, म्हणजे इलेक्ट्रॉन-बीमच्या स्वतःच्या विद्युतभाराचा परिणाम. १०० केईव्हीच्या अँटिप्रोटॉनशी वेग जुळवायला इलेक्ट्रॉन ५५ ईव्हीचे लागतात, बीटा (वेग भागिले प्रकाशाचा वेग) ०.०१४७. प्रवाह १ मिलीअँपिअर धरा: ३० गुणिले प्रवाह भागिले बीटा, म्हणजे इलेक्ट्रॉन-बीमचा मध्य आणि कड यांत २ व्होल्टचा फरक. ५५ मध्ये २! अँटिप्रोटॉन इलेक्ट्रॉन-बीमच्या त्रिज्येच्या ४० टक्के बाजूला गेले तर ०.३ व्होल्ट, वेगात ०.३ टक्के. बीम थंड होतो, पण भलत्याच संवेगावर.

सोलेनॉइड
ते सगळं सूत्रातल्या प्रभावी वेगात बसवता येतं. चुंबकीय रेषांचा वाकडेपणाही तिथेच जातो.

फेरीमोज
तीच तर पळवाट आहे. प्रभावी वेग म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वेगाचा यादृच्छिक पसारा. स्पेस चार्जचा फरक जागेनुसार ठरलेला असतो. त्या एका आकड्यात काहीही कोंबून कुठलाही आलेख जुळवता येईल.

दोनशे_किक
मग तो आकडा मोजूनच घ्या. ६५० केईव्हीला बीम बंच न करता (तुकडे न पाडता सलग) फिरवा, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडचं व्होल्टेज एकदम १ व्होल्टानं बदला आणि शॉटकी सिग्नलचं (फिरणाऱ्या कणांच्या वारंवारतांच्या नोंदीचं) शिखर किती वेगानं सरकतं ते पाहा. त्यावरून बल मिळतं, आणि बलावरून प्रभावी वेग.

आता फेऱ्या. एलेना ३०.४ मीटरची, १०० केईव्हीला सेकंदाला सुमारे १,४४,००० फेऱ्या. इथे फेरीगणिक ट्रॅकिंग झेपतं. अमेरिकेतल्या आरएचआयसी या जड आयनांच्या कोलायडरमध्ये सेकंदाला सुमारे ७६,००० फेऱ्या असल्या तरी कूलिंग तासाच्या हिशेबात चालायचं, म्हणजे तासाला २७ कोटी. तिथे सिम्युलेशनमध्ये शंभर फेऱ्यांची किक (वेगातला बदल) एकदम द्यावी लागते. घर्षण १०० पट करा, पण स्कॅटरिंगची यादृच्छिक किक फक्त १० पट. दोन्ही १०० पट केल्या की बीम थंडच होत नाही, आणि लोक कूलरला दोष देत बसतात. किक सापेक्ष वेगाहून मोठी झाली तर कण पलीकडे उडी मारतो. पट निम्मी करून पुन्हा चालवा. आलेख बदलला तर पहिला टाकून द्या.

सोलेनॉइड
आणि प्रवाह, चुंबकीय क्षेत्र, बीटा-फंक्शन (रिंगमध्ये त्या जागी बीम किती रुंद होतो ते) यांच्या हजारो जोड्या तपासायच्या असतील तर? तिथे आरएमएसच लागतो.

फेरीमोज
तपासा की. फक्त किती अँटिप्रोटॉन प्रयोगांच्या ट्रॅपमध्ये (कण अडकवून ठेवणाऱ्या सापळ्यात) पोचतील, हा आकडा त्यातून काढू नका. तो कडेचे कण ठरवतात.