मदत हवी आहे: वृत्तपत्राच्या जुन्या फॉन्टमधल्या बातम्या युनिकोडमध्ये आणताना अडलोय

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत एका जुन्या वृत्तपत्रसमूहाच्या आयटीत आहे. एरवी वेबसाइट आणि ॲप सांभाळतो. सध्या जुन्या बातम्यांचा साठा शोधता येईल असा करायचं काम माझ्याकडे आहे.

साठा क्वार्क या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या पानांतून काढलेला. तेव्हाचे फॉन्ट युनिकोडपूर्व (युनिकोड ही प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी आजची प्रमाण पद्धत), म्हणजे फाइलमध्ये अक्षर नसून अक्षराचे तुकडे साठवलेत. चिन्हासमोर तुकडा असा तक्ता केलाय, साधा मजकूर नीट येतो. पण 'स्थिती'तली पहिली वेलांटी फाइलमध्ये सगळ्यात आधी असते. ती अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून मागे न्यावी लागते. रफाराचं उलट, तो अक्षराच्या आधी आणायचा. 'मार्मिक'मध्ये दोन्ही एकत्र आले की माझे नियम एकमेकांवर चढतात. आधी वेलांटी हलवावी की रफार? की अक्षरगट पाडून मगच क्रम लावावा?

शोधाचा घोळ वेगळाच. 'शेतकऱ्यांना' हा शब्द नव्या सीएमएसमध्येही (बातम्या भरायच्या प्रणालीत) दोन प्रकारे टंकलेला आहे: कुणी ऱ वापरून, कुणी र चा पाय मोडून झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) देऊन. दिसायला सारखेच, पण एनएफसी (युनिकोडचं रूपं एकसारखी करणारं प्रमाणीकरण) करूनही एक होत नाहीत. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीचं हिंदी नॉर्मलायझेशन (शोधासाठी शब्दांची रूपं सारखी करणारा फिल्टर) लावलं तर हे दोन्ही जुळतात, पण त्यात ऱ्हस्व-दीर्घही एक होतं. मराठीत 'दिन' आणि 'दीन' एक करून कसं चालेल? कुणी मराठीपुरता वेगळा फिल्टर लिहिलाय का?

वरिष्ठ म्हणतात, पीडीएफवर ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) चालवा आणि मोकळे व्हा. टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम मराठी वाचतो, चालवून पाहिला. बातमी कळते, नावं बिघडतात. आणि या साठ्याचं मोल नावांतच आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचं जव्हार-मोखाडा आमच्या ठाणे जिल्ह्याच्या पानांत आहे. कुपोषणाच्या बातम्या, पाड्यांची नावं, गेलेल्या मुलांची नावं. पाड्याचं नाव चुकलं तर ती बातमी पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही. म्हणून ओसीआर मला मान्य नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, वाचायला युनिकोड प्रत आणि शोधासाठी तिसरी, असं माझं मत आहे.

सगळ्यात तातडीचं: महाप्याच्या छापखान्यातले जुने संगणक, ज्यांवर हे फॉन्ट आहेत, दिवाळीआधी भंगारात जाणार. एकाच नावाच्या फॉन्टमध्ये आवृत्तीगणिक काही चिन्हं वेगळी निघाली आहेत, त्यामुळे ते गेले की तक्ता पडताळायला काहीच उरणार नाही. फॉन्टच्या फाइल्स, कीबोर्डचे आराखडे, छापलेली नमुना पानं एवढं मी घेतोय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, आणखी काय उचलून ठेवू? ठाणे-नवी मुंबईत कुणी असेल तर रविवारी भेटायला येईन.